"सर, जमलं तर एकदा बघून जाल का" म्हणजे नक्की काय?

पत्र (थोडं छोटं करून देतेय):

ताई, मी गडहिंग्लजकडची, वय २७. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलं, तीन वर्षं कोल्हापुरात काम केलं, आता दीड वर्ष झालं पुण्यात एका हॉस्पिटलच्या सर्जिकल वॉर्डात स्टाफ नर्स आहे. मी सरळ बोलणारी, पोटात एक ओठात एक मला जमत नाही. इथे सगळं उलटंच. इन्चार्ज सिस्टर कधी तोंडावर सांगत नाहीत, "ट्रॉली लावायची राहिलीये वाटतं" असं हवेत बोलतात आणि अप्रेझलमध्ये लिहितात की सांगितलेलं ऐकत नाही. रजेचं विचारलं की "बघू". माझ्याबरोबर नाईटला केरळची एक सिस्टर असते, ती गप्पच, हँडओव्हर लिहून देते, तोंडाने दोन शब्द. मला वाटतं तिला मी आवडत नाही. आणि मी "मी येतो" म्हटलं की सगळ्या हसतात.

गेल्या महिन्यात एक प्रकार झाला. आदल्या दिवशी आतड्याचं ऑपरेशन झालेला पेशंट, रात्री अडीचला मला बरा वाटेना. चार्टवर मी लिहिलं होतं, पल्स १२४, बीपी ९४/६०, दोन तासांत युरीन ३५ एमएल. आरएमओ सरांना (रात्री ड्युटीवर असलेले डॉक्टर) फोन केला, म्हटलं "सर, सात नंबरचा पेशंट जरा ठीक वाटत नाहीये, जमलं तर एकदा बघून जाल का." ते म्हणाले "हां, बघतो." आले चार वाजता. तोवर बीपी अजून खाली, धावपळ करून परत ऑपरेशन थिएटरात घेतला, मग आयसीयू. पेशंट वाचला, घरी गेला. पण सर म्हणतात अर्जंट आहे असं हिने सांगितलंच नाही, आणि इन्चार्ज म्हणतात नीट सांगायचं ना. मी सांगितलं होतं ताई. आता सांगा, मी बोलणं बदलू का नोकरी बदलू?

उत्तर:

अगं, तुझं पत्र मी रात्री वाचलं आणि सकाळी चहा घेताना परत वाचलं. पेशंट घरी गेला हे वाचून फार बरं वाटलं. आणि अडीच वाजता, वॉर्डात सगळे झोपलेले असताना, तुला त्याच्याकडे बघून काहीतरी खटकलं, तू बीपी घेतलंस, युरीन बॅग बघितलीस, लिहून ठेवलंस, हे सगळं तू बरोबर केलंस. हे मी पहिल्यांदा सांगतेय कारण तुला ते कुणीच सांगितलेलं दिसत नाही.

आता जे सांगणारेय ते जरा लागेल. मी २६ वर्षं वॉर्डात काढलीत म्हणून सांगते.

तू म्हणतेस मी सरळ बोलणारी. मग ते फोनवरचं वाक्य परत एकदा वाच, मोठ्याने वाच. "जरा". "ठीक वाटत नाहीये". "जमलं तर". "एकदा". "बघून जाल का". एका वाक्यात पाच ठिकाणी तू ते मऊ करून टाकलंस. आणि चार्टवर तुझ्याच अक्षरात जे तीन आकडे होते, जे ऐकून कुठलाही डॉक्टर झोपेतून ताडकन उठला असता, त्यातला एकही फोनवर सांगितला नाहीस. म्हणजे बघ, इन्चार्ज सिस्टर तुझ्याशी ट्रॉलीबद्दल जशा बोलतात अगदी तशीच तू त्या रात्री सरांशी बोललीस. आडून. समोरच्याने समजून घ्यावं अशा अपेक्षेने. आणि त्यांनी नाही समजून घेतलं, जसं तू ट्रॉलीचं समजून घेत नाहीस.

मी तुला दोष देत नाहीये हां, प्लीज तसं घेऊ नकोस. आपल्याला वाटतं की माणसं दोन प्रकारची, सरळ बोलणारी आणि आडून बोलणारी, आणि आपण कायम पहिल्या गटात. तसं नसतं. एकच माणूस बरोबरीच्यांशी एक बोलतो, खालच्याशी दुसरं आणि वरच्याशी तिसरंच. तुमच्याकडे आईला, आजीला सुद्धा बिनधास्त "तू ये की गं" म्हणतात, प्रेम आहे त्यात, पण तीच मुलगी शाळेत हेडमास्तरांसमोर कशी उभी राहते आठव. खाली मान, आणि वाक्याच्या शेवटी "का सर?". आपल्याला लहानपणापासून हेच शिकवलंय की मोठ्यांना काम सांगायचं नसतं, विचारायचं असतं. घरात ते छानच आहे गं. रात्री अडीच वाजता पल्स १२४ असताना ते चालत नाही.

तुला विमानाची एक गोष्ट सांगते, मी प्रत्येक नव्या बॅचला सांगायचे. २५ जानेवारी १९९० ला कोलंबियातल्या बोगोटाहून मेदेयीनमार्गे अ‍ॅव्हियांकाचं ५२ नंबरचं विमान न्यूयॉर्कला निघालं. तिथली हवा खराब म्हणून त्याला आकाशातच थांबवलं, थोड्या थोड्या वेळाने तीनदा, सगळं मिळून सव्वा तासाच्या वर. इंधन संपत आलं. एकदा उतरायचा प्रयत्न केला, जमलं नाही. कॅप्टन आपल्या को-पायलटला सांगतोय की आपण इमर्जन्सीत आहोत हे त्यांना सांग, आणि को-पायलट टॉवरला काय म्हणाला, तर हो, तुम्ही सांगितलंत तसं वळतो, परत प्रयत्न करतो, आणि आमचं इंधन संपत आलंय. मुख्य गोष्ट वाक्याच्या शेपटाला. "इमर्जन्सी" हा शब्द त्याने शेवटपर्यंत उच्चारला नाही. आता कंट्रोलरच्या बाजूने बघ, लांबून येणाऱ्या प्रत्येकच विमानाचं इंधन संपत आलेलं असतं, त्याच्या कानाला त्यात वेगळं काही वाटलंच नाही. विमान लाँग आयलंडवर कोसळलं, १५८ पैकी ७३ माणसं गेली. पडल्यावर मोठी आग सुद्धा लागली नाही, जळायला इंधनच उरलं नव्हतं.

को-पायलट खोटं बोलला का? नाही. सांगितलं नाही असं म्हणता येईल का? तेही नाही. त्याने सांगितलं होतं, जसं तू सांगितलं होतंस.

त्याच्याही आधी, १९७७ ला, स्पेनच्या टेनेरिफ बेटावर धावपट्टीवर धुक्यात दोन जंबो विमानं एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली, तिथेही त्यातल्या एका विमानाच्या फ्लाईट इंजिनियरला शंका आली होती आणि त्याने ती प्रश्न विचारून मांडली, ते दुसरं विमान अजून बाजूला झालं नाहीये का अशी, आणि कॅप्टनने झालंय म्हणून ती तिथेच संपवली. अशा अपघातांनंतर विमानवाल्यांनी हे सगळं मनावर घेतलं आणि ज्युनिअरने सीनियरला कसं सांगायचं, सीनियरने कसं ऐकायचं याचं रीतसर ट्रेनिंग सुरू केलं. सगळ्यांना धीट बनवत बसले नाहीत, काही गोष्टींसाठी शब्दच ठरवून टाकले. शब्द ठरलेला असला की तो म्हणायला हिंमत कमी लागते, उद्धटपणाही वाटत नाही, कारण तो आपला राहत नाही, पद्धतीचा होतो.

आपल्याकडे याचीच बहीण आहे, एसबार, पेशंटबद्दल डॉक्टरांना काय आणि कुठल्या क्रमाने सांगायचं याची ठरलेली पद्धत. तुला शिकवलं असेल, नाहीतर नर्सिंग स्टेशनच्या भिंतीवर पोस्टर असेल ज्याच्याकडे कुणी बघत नाही. ही पद्धत मूळची अमेरिकन नौदलाच्या अणुपाणबुड्यांतली, तिथून ती कैसर पर्मनंटे या तिकडच्या मोठ्या हॉस्पिटल समूहाने उचलली आणि मग जगभर गेली. इंग्रजी अक्षरं विसर, मी मुलींना मराठीत सांगायचे, आत्ता काय चाललंय, मागचं काय आहे, मला काय वाटतंय, मला काय पाहिजे. आता तुझाच फोन यात बसवून बघू.

"सर, सर्जिकल वॉर्डातून बोलतेय, सात नंबर बेड. बीपी ९४/६०, पल्स १२४, दोन तासांत युरीन फक्त ३५. काल आतड्याचं ऑपरेशन झालंय. पेशंट बिघडतोय, मला आत ब्लीडिंगची शंका येतेय. सर, तुम्ही आत्ता यायला पाहिजे. तोपर्यंत मी काय सुरू करू?"

घड्याळ लावून म्हणून बघ, अर्धा मिनिट पण लागत नाही. यात उद्धट काय आहे? काही नाही. "सर" दोनदा आहे. पण "आत्ता" आहे, आणि तेच त्या रात्री नव्हतं. "शंका येतेय" म्हणायला नर्सेस घाबरतात, आपण कोण डायग्नोसिस करणारे असं वाटतं, तर नुसतं म्हण की काय आहे ते मला माहीत नाही पण पेशंट बिघडतोय, तेवढंही पुरतं.

आणि मग त्यांचं "हां, बघतो". आपल्या मराठीतलं हे "बघतो" फार फसवं आहे. येतोच आहे म्हणजे पण "बघतो", हातातलं संपवून येतो म्हणजे पण "बघतो", आणि राहू दे आता म्हणजे पण "बघतो". तू पहिला अर्थ घेतलास, त्यांनी बहुतेक दुसरा घेतला होता. म्हणून पुढचा प्रश्न विचारायचाच, "सर, किती मिनिटांत येताय? मी चार्टवर वेळ लिहितेय." हे वाक्य जादूसारखं काम करतं, मी स्वतः बघितलंय. तेवढ्या वेळात नाही आले तर परत फोन, आणि आता पायऱ्या चढायच्या, पहिली "सर, मला काळजी वाटतेय", मग "सर, हे असं थांबणं मला बरोबर वाटत नाहीये", मग "सर, हा पेशंटच्या सेफ्टीचा प्रश्न आहे, मी रजिस्ट्रारना कळवतेय". तुमच्याकडे यानंतर कुणाला फोन करायचा, नाईट सुपरवायझर का कन्सल्टंट, हे दिवसाच विचारून ठेव, रात्री अडीचला ते शोधत बसायचं नसतं.

सरांचंही चुकलं, हे मी स्पष्ट लिहितेय. नर्स रात्री अडीचला फोन करते म्हणजे ती गंमत म्हणून करत नाही. "बीपी किती?" एवढे दोन शब्द विचारले असते तर सगळं तिथेच कळलं असतं. निम्मी जबाबदारी ऐकणाऱ्याची असते, आणि "हिने सांगितलंच नाही" म्हणून हात झटकणं मला अजिबात पटलेलं नाही. या प्रकाराचा इन्सिडेंट रिपोर्ट भरला गेलाय का बघ, नसेल तर तू भर, कुणाचं नाव खराब करायला नाही, किती वाजता फोन, काय बोललं, किती वाजता आले, एवढंच. पण सरांनी काय करायचं ते तुझ्या हातात नाही, फोनवर काय बोलायचं ते आहे, म्हणून त्यावर इतकं लिहिलं.

माझंही सांगते. नोकरी लागून चार वर्षं झालेली, मुलांच्या वॉर्डात होते. एका सीनियर सरांनी लिहिलेल्या डोसात दशांशाचा टिंब सुटला होता, दहा पट आकडा. मला दिसला. मी म्हणाले, "सर, डोस एकदा बघता का?" ते चालता चालता म्हणाले, बघितलाय. मी "हो सर" म्हणाले आणि चिठ्ठी फार्मसीत पाठवली. फार्मसिस्टने फोन करून थांबवलं म्हणून ते बाळ वाचलं. "डोस जास्त आहे" हे तीन शब्द मला माहीत होते, तोंडात होते, आणि मी त्यांचा प्रश्न करून टाकला. ते अजून विसरले नाहीये मी. म्हणून तुझं पत्र वाचून झोप नीट लागली नाही.

आता इन्चार्ज सिस्टर. "ट्रॉली लावायची राहिलीये वाटतं." आपली मराठी या बाबतीत फार हुशार आहे गं, वाक्यातून माणूस अलगद काढून टाकता येतो. कप फुटला. दूध उतू गेलं. काम राहिलं. फोडला कुणी, लक्ष कुणाचं नव्हतं, ते सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. काही घरांत, काही माणसांत हीच सभ्यता समजली जाते, समोरच्याला चारचौघांत उघडं पाडायचं नाही. वॉर्डात नातेवाईक उभे असताना त्या तुझं नाव घेत नाहीत यात तुझा मान ठेवलेला आहे, निदान त्यांच्या हिशोबाने. तुला ते टोमणा वाटतं कारण तुमच्याकडे जे बोलायचं ते तोंडावर बोलतात आणि संध्याकाळी एकत्र जेवायला बसतात, तिथे हवेत बोललं तर तो टोमणाच असतो. दोन्ही बरोबर. फक्त वॉर्ड एक आहे.

तर पुढच्या वेळी असं काही कानावर आलं की वाट बघू नकोस, "हो सिस्टर, माझीच राहिली, लावते" म्हण आणि लाव. आणि एकदा त्या निवांत असताना, राऊंडच्या गडबडीत नाही, दुपारी रजिस्टर लिहीत बसतात तेव्हा, जाऊन सांग की सिस्टर, मला नाव घेऊन काम सांगत जा, सगळ्यांसमोर सांगितलं तरी मला राग येत नाही, उलट पटकन कळतं. त्यांना ही परवानगी पाहिजे असते बहुतेक, खरंच. अप्रेझलचं मात्र त्याच वेळी बोल, जे मला सांगितलंय असं मला कळलंच नाही ते ऐकत नाही म्हणून कसं लिहिलंत, शांतपणे विचार, तिथे तुझं म्हणणं रास्त आहे. रजेच्या "बघू" वर पण तसंच, "सिस्टर, बघू म्हणजे मी तिकीट काढू का थांबू? कधीपर्यंत कळेल?" उत्तर मिळतं, विचारलं तर.

आणि ती केरळची सिस्टर. तिला तू आवडत नाहीस असं तू ठरवून टाकलंस ते मला काही बरोबर वाटलं नाही. ती मल्याळममध्ये वाढली, इंग्रजीत शिकली, तुमच्याशी हिंदी बोलते आणि पेशंटशी मोडकं मराठी. तिसऱ्या-चौथ्या भाषेत जीवनमरणाचा हँडओव्हर द्यायचा असेल तर मी पण लिहूनच देईन. ती लिहून देते कारण तिला चूक करायची नाहीये, तुझ्याशी बोलायचं नाहीये म्हणून नाही.

अजून एक. माणसं बोलताना एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला किती वेळ जातो हे भाषावाल्यांनी मोजलंय, २००९ साली दहा भाषांची तुलना करून, हो-नाहीच्या प्रश्नाला उत्तर यायला सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास, म्हणजे साधारण डोळ्याची पापणी लवते तेवढाच. भाषेप्रमाणे त्यात थोडा फरक पडतो, आणि एकाच भाषेत पण माणसामाणसांत पडतो. डेबोरा टॅनन म्हणून अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी १९७८ साली एका सणाच्या जेवणावरच्या गप्पा रेकॉर्ड करून अभ्यासल्या, तर न्यूयॉर्कची मंडळी एकमेकांचं वाक्य संपायच्या आत बोलायची, त्यांच्यासाठी ती आपुलकी, आणि कॅलिफोर्नियाची मंडळी मध्ये जागा मिळायची वाट बघत गप्प, त्यांना वाटायचं आपल्याला बोलूच देत नाहीत. इंग्रजी सगळ्यांचं एकच. आता तू आणि ती, त्यात तिची तिसरी-चौथी भाषा. तिला वाक्य जुळवायला दोन सेकंद लागत असतील आणि तेवढ्यात तू दुसरा प्रश्न टाकत असशील, मग ती मान हलवून विषय सोडून देत असेल. करून बघ, प्रश्न विचारल्यावर मनात एक-दोन-तीन म्हण आणि थांब, फार अवघड जाईल तुला, पण थांब. तिने लिहिलेलं तिच्यासमोर वाच आणि त्यातलाच एखादा प्रश्न विचार. वयाने मोठी असेल तर "चेची" म्हण, ताई म्हटल्यासारखं आहे ते. आणि त्या रात्री ती पण ड्युटीवर होती का? तिला विचारलं होतंस का की मला हा पेशंट बरा वाटत नाही, तुला काय वाटतं? पत्रात त्याबद्दल काहीच नाही. रात्रीच्या वॉर्डात दोघीच असतात गं, दुसरा डोळा तोच.

हसण्याचं. "मी येतो, मी जातो" हे कोल्हापूरकडच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या बोलत आल्यात, ती चूक नाही, तुमच्या भागाची बोली आहे. पत्रात तू सगळीकडे जपून पुस्तकी लिहिलंयस, ते बघून मला वाईट वाटलं. कुणी हसलं तर एकदाच सांग की आमच्याकडे आई पण असंच बोलते, आणि पुढे काम कर. ज्या वाक्याने पेशंटचं नुकसान होत नाही ते बदलायची काहीच गरज नाही.

नोकरी आत्ता यावरून सोडू नकोस. रिपोर्ट भरल्यावर काय होतं ते बघ, त्यातून काही पद्धत सुधारली तर ते हॉस्पिटल बरं आहे, नुसतं तुझ्यावरच ढकललं तर मला परत लिही, मग वेगळं बोलू.

आरएमओ सरांशी पण एकदा बोल, दोघांनाही वेळ असताना, भांडायला नाही, "सर, रात्री फोन केला तर तुम्हाला पहिल्यांदा काय ऐकायचं असतं?" एवढंच विचार. डॉक्टरांना हे कुणी विचारतच नाही. जे सांगतील ते एका कागदावर लिही, बेड नंबर, आकडे, शंका, आत्ता या, आणि तो कागद फोनशेजारी चिकटव, त्या चेचीला पण दाखव, तिच्या अक्षरातच लिहून घेतलास तर अजून चांगलं. पहिल्यांदा "सर, तुम्ही आत्ता यायला पाहिजे" म्हणशील तेव्हा आवाज कापेल. माझाही कापला होता. तरी म्हण, आणि वेळ लिहून ठेव.